आवतणाचा धवला

१

मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी आईच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. नव्व्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा डोंबिवलीतल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. माझा नवरा सुधीर वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची कामं करायचा. इथून तिथून भाग गोळा करून त्याने घरी एक कॉम्प्युटर जुळवला होता, त्यात साउंड कार्ड बसवलं होतं. टेपडेकच्या मागून वायर निघायची ती कॉम्प्युटरच्या पाठीत जायची. कॅसेट लावायची, पडद्यावरचं लाल बटण दाबायचं आणि बाजू संपेपर्यंत बसून राहायचं. आवाज वाढला की पडद्यावरची हिरवी पट्टी लांबायची, शांतता झाली की आखडायची. पोळ्या लाटता लाटताही ते काम करता येत होतं.

आई बाहेरच्या खोलीत खाटेवर असायची. माझी आई मनुबाई म्हणजे ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली धवलारीण. आमच्याकडे हळदीला, मांडवाला धवले लागतात. धवलारीण ओळ सोडते आणि मागे बसलेल्या बायका ती झेलतात. चेंदणी, कोपरी, कळवा, कुठेही मांडव पडला की आधी आईला सुपारी यायची, मग देवाला नारळ जायचा. दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली, आणि तेव्हापासून ती माझ्याकडेच होती. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच मोडायचा.

महिनाअखेरीला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. पोपटदादाने बँजो पार्टी ठरवली होती, कारण धवले म्हणणारी कुणी उरलीच नव्हती. पण मंजुळाने, म्हणजे नवरीने, मला फोन करून सांगितलं की तिला मांडवात आजीचा आवाज पाहिजे, कसाही करून आणून दे. आवाज होता. शहाऐंशी साली, आमचं लग्न नवं असताना, सुधीरने चेंदणीच्या घरात बसून आईचे धवले टू-इन-वनवर भरून घेतले होते. त्या कॅसेटींना बुरशी आली होती. मी त्या उन्हात ठेवल्या, पेन घालून फिरवल्या, कापसाने पुसल्या.

पहिली ओळ स्पीकरमधून आली तेव्हा आई खाटेवर उठून बसली. तिचाच आवाज, तेरा वर्षांपूर्वीचा, खणखणीत. सुधीर हसत होता आणि मी रडत होते. त्या दुपारी मला वाटलं, जिंकलो.

२

कॅसेटीची खरखर काढायला मी हेडफोन लावून ऐकायला लागले. तेव्हा ते पहिल्यांदा जाणवलं. आई प्रत्येक ओळ म्हणायच्या आधी, एका श्वासाच्या अंतराने, तीच ओळ अगदी बारीक ऐकू यायची. नाटकात पडद्याआडून सांगतात तशी. आधी ती कुजबुज, मग आई.

मी सुधीरला सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. उलट तो खुशीत समजवायला बसला. कॅसेट वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की पट्टीचा एक वेढा वरच्या वेढ्यावर उमटतो. मोठा आवाज असेल तर त्याची पुसट सावली शेजारच्या वेढ्यावर जाते आणि वाजवताना खरा आवाज यायच्या आधी ती ऐकू येते. जुन्या टेपांना हा रोग असतोच.

मला ते पटलं. वेढ्यावर वेढा, सावलीवर सावली. मी पुढची कॅसेट लावली आणि कुकरला शिट्ट्या होऊ दिल्या.

३

तिसऱ्या कॅसेटवर हळदीचा धवला होता. हळद कुणी वाटली, कुणी लावली, असं एकेकीचं नाव घेत पुढे जायचं. एका ठिकाणी आई चुकली. मामीच्या ठिकाणी तिने मावशी म्हटलं, थांबली, खाकरली आणि मग मामी म्हणून ओळ पुरी केली.

मी ती जागा परत ऐकली. मग परत. आई चुकायच्या आधी जी कुजबुज होती, ती मामीच म्हणत होती. आई मावशी म्हणाल्यावर कुजबुज पुन्हा आली, जरा ठासून, ‘मामी’. आणि मग आईने सुधारलं.

सावली चूक सुधारत नाही. आईने जे म्हटलंच नव्हतं, त्याची सावली कुठून पडेल?

मी आवाज जमेल तेवढा वाढवला. तोवर मी ती कुजबुज आईचीच धरून चालले होते. ती आईची नव्हती. बाईचीही नव्हती. कोवळा, थोडा नाकातला आवाज, दहा-बारा वर्षांच्या पोरीचा. माझी पन्नाशी ओलांडलेली आई गात होती आणि एक पोर तिला ओळ सांगत होती.

सुधीर संध्याकाळी आला तेव्हा मी हेडफोन त्याच्या कानाला लावले. तो बराच वेळ ऐकत राहिला. रेकॉर्डिंगच्या दिवशी खोलीत कोण कोण होतं, मी विचारलं.

“आई आणि मी,” तो म्हणाला. “तू आत चहा करत होतीस. दार लावून घेतलेलं, बाहेर पोरं ओरडतात म्हणून.”

त्याने हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले. त्या दिवशी त्याने वेढ्यांची गोष्ट पुन्हा काढली नाही.

४

पाचवी कॅसेट आवतणाच्या धवल्याची. लग्नाला आधी देवांना बोलवायचं, मग घरातल्या गेलेल्या बायांना. धवलारीण विचारते, ‘मांडवाचे दारी गो, कोन बाय आयली?’ आणि तीच नाव घेऊन सांगते, ‘आयली गो आयली, गंगूबाय आयली.’ गंगुबाई माझी आजी. असं एकेकीला नावाने घरात घ्यायचं.

कॅसेटवर आईने आजीला घेतलं, मग आत्याला, मग आणखी दोघींना. मग तिने पुन्हा विचारलं, कोन बाय आयली. आणि गप्प झाली. बांगड्या वाजल्या. “बस सुधीर,” ती म्हणाली, “बंद कर ते.”

तिथे रेकॉर्डिंग संपत होतं. पुढे नुसती रिकामी पट्टी. मी थांबवणार तेवढ्यात कुजबुज आली.

‘मांडवाचे दारी गो, कोन बाय आयली?’

मग खरखर. जेवढा वेळ उत्तराला लागतो तेवढीच खरखर. मग पुन्हा तेच. ओळ सोडून ती झेलायची वाट बघत होती.

मी डेकचं बटण दाबलं. कॅसेट थांबली, चक्रं थांबली. पडद्यावरची हिरवी पट्टी मात्र लांबली, आखडली, थांबली आणि पुन्हा लांबली. ओळीच्याच मापाने. मी डेकचा प्लग काढला. कॉम्प्युटरच्या पाठीतली वायर उपसली आणि तिचं टोक हातात धरून पडद्याकडे बघत राहिले. पट्टी लांबत होती. साउंड कार्ड बिघडलं असेल, मी स्वतःला सांगितलं. सगळं सुट्या भागांचं, काहीही होऊ शकतं. मी भिंतीतलं बटणच बंद केलं.

दुपारचं कडक ऊन होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं. मी बाहेरच्या खोलीत आले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि डाव्या हाताने खाटेच्या कडेवर ताल धरत होती. ओळीपुरता ताल. मग हात थांबायचा. मग पुन्हा.

मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, कोण आहे ती. आईने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, शब्द आला आणि मोडला. मग तिने चांगला हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला आणि डोळे मिटून घेतले. बोलू नको असं ती मला सांगत होती की बोलता येत नाही म्हणून रडत होती, मला कळलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी मी चेंदणीला गेले. पोपटदादाला मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. तो मांडववाल्याशी बोलत होता, त्याने अर्धवट ऐकलं आणि ते कापून टाक म्हणाला, शुभकार्यात ही झंझट नको. शेजारच्या विमलाबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. त्या आयुष्यभर आईच्या मागे बसून धवले झेलत आलेल्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं की मनू आवतणाचा धवला कधीच पुरा म्हणत नसे. सगळी नावं घ्यायची, शेवटचं विचारायची आणि सोडून द्यायची. ते नाव कुणाचं ते गावात कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मी कापून टाकलं. दोन दुपारी बसून मी प्रत्येक ओळीआधीची कुजबुज निवडून काढली, खड्यासारखी. आवतणाचा धवला आई गप्प होते तिथेच संपवला. सुधीरने ओळखीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नेऊन सीडी करून आणली. स्वच्छ झाली होती. आईचा एकटीचा आवाज.

त्यानंतर ती पोर घरात ऐकू यायला लागली.

आधी मला वाटलं, दिवसभर हेडफोन लावल्याने कान वाजतायत. मी दुधाच्या केंद्रावर उभी होते. मी तोंड उघडायच्या आधी, डाव्या कानाशी, त्या कोवळ्या आवाजात आलं, ‘दोन पिशव्या, गाईचं.’ मग मी म्हणाले, दोन पिशव्या, गाईचं. घरी आल्यावर ‘सुधीर, पंखा लाव.’ मग मी म्हणाले, सुधीर, पंखा लाव. मी मुद्दाम काहीतरी भलतंच बोलायचं ठरवलं आणि त्याच्याही आधी ते भलतंच मला ऐकू आलं. पुढे पुढे मला कळेनासं झालं की हे माझं बोलणं तिला आधी कळतंय, की तिने सांगितलेलंच मी बोलतेय. मी बोलणं कमी केलं. मग घर इतकं शांत झालं की त्या शांततेत ती सरळ विचारायची. स्वयंपाकघराच्या दारातून, मोरीकडून. ‘कोन बाय आयली?’

एकदा मी उत्तर दिलं. भाजी चिरत होते, पाठ दाराकडे. मी हळूच म्हटलं, गंगूबाय आयली. मागून पुन्हा प्रश्न. मी मला माहीत असलेल्या सगळ्या गेलेल्या बायकांची नावं घेतली. आत्या, मावश्या, काकू. प्रत्येक नावानंतर थोडं थांबून पुन्हा तोच प्रश्न, प्रत्येक वेळी जरा जवळून. शेवटच्या वेळी माझ्या मानेवरचे केस हलले. माझ्याजवळची नावं संपली होती. मी सुरी ठेवली आणि तशीच आईपाशी जाऊन बसले. त्या दुपारी आम्ही दोघींनी एकमेकींचा हात सोडला नाही.

६

मांडवाचा दिवस उजाडला. चेंदणीच्या घरासमोर गल्लीभर मांडव, तांदळाच्या पिठाचा चौक, चौकात पाटावर मंजुळा. आईला आम्ही गाडी करून आणलं होतं, चौकाजवळ खुर्चीवर बसवलं. मी तिच्या पायाशी बसले. मागे विमलाबाई आणि वीसेक बायका. सुधीर साउंडवाल्याजवळ उभा राहून सीडी सांभाळत होता.

आईचा आवाज लाउडस्पीकरवरून गल्लीत पसरला तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ओळ सुटली की त्या झेलायच्या. पोपटदादा खांबाला टेकून उभा होता, त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. देवांचं झालं, मग आवतणाचा धवला. आजी आली, आत्या आली. आणि सीडीवरच्या आईने शेवटचं विचारलं, कोन बाय आयली.

तेवढ्यात बँजोवाल्यांनी त्यांचं मशीन त्याच लाइनवर लावलं. फट् आवाज झाला. स्पीकर, पंखे, दिवे, सगळं गेलं. मांडवात एकदम सामसूम झाली.

‘मांडवाचे दारी गो, कोन बाय आयली?’

स्पीकर बंद होते. आवाज स्पष्ट होता, कोवळा, नाकातला, आणि तो आमच्यामधूनच आला होता. या वेळी तो एकट्या माझ्या कानात नव्हता. विमलाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. बँजोवाल्याचा हात तारांवर तसाच राहिला. मंजुळाने हळदीचे हात छातीशी धरले. 

पुन्हा प्रश्न आला. त्या मधल्या शांततेत मला माझी भीती दिसली आणि भीतीच्या मागे दुसरंही काहीतरी दिसलं. इतके दिवस ती दारात उभी राहून विचारत होती आणि मी तिला ओळीओळीतून कापून काढत होते. आज घरचा मांडव होता. धवला अर्धा राहिला होता. तो पुरा करणारी मीच होते.

मी आयुष्यात चारचौघांत गायले नव्हते. मी ओळ उचलली.

“मांडवाचे दारी गो, कोन बाय आयली?”

आवाज फाटला, पण निघाला. मागे एक-दोन बायकांनी झेलला, मग सगळ्यांनी. मी दुसऱ्यांदा सोडला, या वेळी सरळ लागला. आणि उत्तराच्या जागी आल्यावर मी थांबले, कारण नाव माझ्याकडे नव्हतं. मी कान दिला. आठवडाभर माझं प्रत्येक वाक्य मला आधी सांगणारी ती, आता काही सांगेल म्हणून. ती गप्प होती. बाकी सगळं ती सांगू शकत होती. हे एक तिला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं होतं.

आईचा हात माझ्या खांद्यावर पडला. ती माझ्या खांद्यावर भार देऊन खुर्चीतून उठत होती. मी तिला धरलं. तिचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

“चंद्री,” आई म्हणाली.

मग दोन वर्षांत घशात अडकलेलं सगळं एकदम मोकळं झाल्यासारखं, तिच्या जुन्या, खणखणीत, गल्लीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या आवाजात तिने ओळ सोडली.

“आयली गो आयली, माजी चंद्री आयली!”

बायकांनी ती झेलली तेव्हा मांडवाचं कापड हललं. विमलाबाई उभ्या राहिल्या. पोपटदादा रडत होता आणि गातही होता. साउंडवाल्याने फ्यूज घातला, दिवे आले, पण स्पीकरला कुणी हात लावला नाही. बँजो पार्टीतल्या ढोलकीवाल्याने ताल पकडला. मी ओळ सोडायची, आई पुढची सोडायची. जे धवले कॅसेटीत नव्हते तेही आले. आम्ही दोघींनी दुपारपर्यंत सगळा मांडव गाऊन काढला.

मध्येच एकदा मी ओळ सोडून श्वास घ्यायला खाली पाहिलं. आई पुन्हा खुर्चीत बसली होती. तिच्या गुडघ्यावर एक हात होता. लहान, मनगटापर्यंत हळदीने माखलेला, बोटांच्या टोकांना तांदळाचं पीठ. मंजुळा समोर पाटावर होती, तिचे दोन्ही हात मला दिसत होते. तो हात आईच्या गुडघ्यावर ताल धरत होता. आणि आईने आपला चांगला हात त्याच्यावर ठेवला होता.

हाताच्या वर काय होतं ते मी पाहिलं नाही. मान उचलायला वेळ नव्हता. बायकांनी ओळ झेलून संपवली होती आणि पुढची मला सोडायची होती.

७

डॉक्टर म्हणाले, असं होतं. बोलणं आणि गाणं डोक्यात वेगवेगळ्या जागी राहतं, बोलणं गेलेलं माणूस गाऊ शकतं, आणि गाता गाता काही शब्द परत येतात. सुधीरला हे फार आवडलं. तो आल्यागेल्याला सांगत असतो. आईला थोडे शब्द खरंच परत आले. चहा, पाणी, माझं नाव. चंद्री कोण, हे मी एकदाच विचारलं.

“थोरली पोर माजी, तुज्या आदीची,” आई म्हणाली. मग तिने आणखी एक वाक्य जुळवलं. “तिचा मांडव नाय जाला.”



आता माझं बोलणं मला आधी ऐकू येत नाही. दुधाच्या केंद्रावर मी जे मागते ते मीच मागते.

पावसाळ्याआधीच कोपरीहून एक बाई आल्या. पाकिटात पैसे द्यायची सोपी वाट सोडून पानावर सुपारी घेऊन आल्या, जुन्या रीतीने. त्यांच्या मुलीचा दिवाळीनंतर मांडव होता. चेंदणीच्या हळदीची गोष्ट त्यांच्यापर्यंत गेली होती आणि त्यांना सीडी नको होती, धवलारीण हवी होती. मी जमेल का म्हणून विचारात पडले. त्यांनी गाडीची सोय करायची म्हणून विचारलं, तुमच्याकडून किती जणी येणार.

मी दोघी म्हणणार होते. त्याआधीच खाटेवरून आई बोलली, न अडखळता, हसत.

“आमी तिगी.”

कोपरीच्या बाईंनी मान डोलावली. मी सुपारी उचलली.